गन घेतली, आता गोटी कोणती?

"आमचं अन्नपूर्णा रोडला टायर-पंक्चरचं आणि छोट्या गाड्यांच्या किरकोळ कामाचं दुकान आहे. सासऱ्यांनी उभं केलं, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. आता मिस्टर बघतात, खरेदी आणि हिशेब माझ्याकडे. दिवाळीत नट सोडवायची अर्धा इंची बॅटरीची इम्पॅक्ट गन घेतली. गोट्या, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट, मात्र अप्पांच्याच, क्रोमच्या चमकत्या, बारा पॉइंटच्या (आत बारा कोपऱ्यांच्या). परवा एका जुन्या जीपच्या चाकाचा नट सुटेना म्हणून मिस्टरांनी गन दाबून धरली आणि गोटी उभी चिरली. एक तुकडा आमच्याकडच्या मुलाच्या मनगटात घुसला. अप्पा म्हणतात, गोटीचा दोष नाही, तीस वर्षं वापरली, गनच वाईट. मिस्टर म्हणतात, ऑनलाइन 46 नगांचा सेट स्वस्तात आहे, तो मागवू. सियागंजचा दुकानदार म्हणाला, 'भाभीजी, माल तो एक ही है, बस ऊपर से काला कर देते हैं.' यात खरं कोण? आणि पैसे नेमके कशात घालू? ता. क. तीन सुती (3/8 इंची) लहान गोट्या गनला लावायचा अडॅप्टर मिळतो, तो घेतला तर भागेल का?"
(एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

ताई,

आधी त्या मुलाचं बघा. पट्टी बांधून तो दुसऱ्या दिवशी कामाला लागलाही असेल, गॅरेजमधली मुलं तशीच असतात. गोटीची कपची बारीक आणि धारदार असते. वरून जखम एवढीशी दिसते आणि तुकडा आत खोल बसलेला असतो. एक एक्स-रे काढून घ्या, धातू त्यात स्वच्छ दिसतो. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं हे त्याला आठवत नसेल तर तेही द्यायला सांगा. हा खर्च दुकानाचा, त्याच्या पगारातला नव्हे. तुम्ही तसं करणार नाही याची खात्री आहे, पण लिहून ठेवलेलं बरं.

आता तुमच्या घरातला वाद. अप्पांची गोटी चांगली होती यात मला शंका नाही. गनही बहुधा चांगलीच आहे. दोघांची जोडी चुकीची जमली, एवढंच झालं. सियागंजच्या दुकानदाराचं म्हणणं मात्र साफ खोटं आहे, आणि 46 नगांच्या सेटबद्दल मिस्टरांना पटेल असं एक कारण माझ्याकडे आहे, ते पुढे सांगतो.

गन नट कसा सोडवते ते एकदा समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळेल. तिच्या पोटात मोटारीच्या पुढे एक जड हातोडा आहे आणि त्याच्यासमोर ऐरण. नट मोकळा असेल तोवर सगळं मिळून ड्रिलसारखं गरगर फिरतं. नट अडला की ऐरण थांबते, हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, सुटतो, आणि फिरत येऊन ऐरणीच्या कानांवर आपटतो. मिनिटाला 2000 च्या वर ठोके. गनच्या तोंडातून बाहेर आलेला तो अर्धा इंची चौकोन म्हणजे त्या ऐरणीचंच शेपूट. त्यावर तुम्ही गोटी चढवता. म्हणजे प्रत्येक ठोका गोटीच्या अंगातून नटापर्यंत जातो. धरणाऱ्याच्या हाताला त्यातलं फारसं काही लागत नाही, म्हणून तर मिस्टरांना ती आवडली असणार. हाताने पाना मारताना मनगटाला कळतं की आता काहीतरी तुटणार आहे. गन ते कळू देत नाही.

अप्पा एल हँडलला पाइप लावून अंगाचा भार टाकतात तेव्हा जोर भरपूर असतो, पण तो सावकाश चढतो. हाताच्या गोट्या याच कामासाठी बनवलेल्या असतात. त्यांचं पोलाद बहुधा क्रोम-व्हॅनेडियमचं, आणि त्याला पाणी (तापवून थंड करायची प्रक्रिया) असं दिलेलं असतं की ते चांगलं कडक होतं. कडक असल्यामुळे आतले कोपरे झिजत नाहीत आणि भिंत पातळ ठेवता येते. पातळ भिंतीची गोटी अडचणीच्या जागी शिरते, हा तिचा मोठा गुण. पण जे पोलाद फार कडक, त्याला ठोक्यांचा मारा सोसत नाही. आतल्या कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते, दर ठोक्याला ती किंचित पुढे सरकते, आणि एक दिवस भिंत सबंध उकलते. वर क्रोमचा मुलामा असतो तोही ठोक्यांनी सुटतो आणि त्याच्या पापुद्र्यांना ब्लेडसारखी धार असते.

गनची गोटी बहुधा क्रोम-मॉलिब्डेनमच्या पोलादाची. तिचं पाणी मुद्दाम थोडं उतरवलेलं असतं, म्हणजे कडकपणा कमी आणि चिवटपणा जास्त. पापड मोडतो आणि पोळी दुमडते, तसा हा फरक. कडकपणा कमी केल्याची भरपाई भिंत जाड ठेवून करतात. क्रोमचा मुलामा देतच नाहीत, कारण तो टिकणारच नाही. गंजू नये म्हणून फॉस्फेटचा किंवा ऑक्साइडचा काळा थर देतात. हा काळेपणा सर्वांत शेवटी येतो. पोलाद, पाणी आणि भिंतीची जाडी आधी ठरलेली असते. अशी गोटी हद्दीबाहेर वापरली तर बहुतेक वेळा तिचं तोंड आधी फाकतं, नटावर डोलायला लागते, आणि तुम्हाला कळतं की आता ही बाद. क्रोमची गोटी अशी आगाऊ सूचना देत नाही.

फुटलेल्या गोटीचे तुकडे फेकले नसतील तर ते उन्हात धरून बघा. मोडलेल्या पृष्ठभागाचा बहुतेक भाग पांढुरका, रवाळ, ताजा दिसेल. पण आतल्या कोपऱ्याजवळ एखादी काळपट किंवा तांबूस पट्टी दिसली तर समजा की चीर आधीपासून होती, तिच्यात तेल आणि गंज शिरलेला होता, परवा फक्त उरलेला भाग सुटला. मला वाटतं तुम्हाला अशी पट्टी दिसेलच, कारण दिवाळीपासून आतापर्यंत ती गोटी बऱ्याच चाकांवर चाललेली आहे.

आणि म्हणूनच त्या सेटमधल्या बाकीच्या गोट्यांचा प्रश्न उभा राहतो. ज्या कधीच गनला लावल्या नाहीत त्या निर्धास्त हाताने वापरा. ज्या लावल्या, त्या तपासायला हव्यात. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे, यंत्र लागत नाही. गोटी रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा. सकाळी काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने अगदी लख्ख पुसा. मग खडू पाण्यात कालवून त्याचा पातळ लेप द्या, किंवा कोरडा खडूच आतल्या बाजूने चोळा, आणि तासभर ठेवा. जिथे चीर असेल तिथे आत शिरलेलं डिझेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर एक ओली काळी रेघ उमटते. अशी रेघ दिसलेली गोटी भंगारात. वेल्डिंग मारून वगैरे कोणी वाचवायला निघालं तर ऐकू नका, वेल्डिंगच्या उष्णतेने दिलेलं पाणी सगळं जातं. रेघ नाही दिसली तरी ती गोटी पुन्हा गनवर चढवायची नाही, फक्त हातपान्यावर.

खरेदीचं म्हणाल तर सेट घेऊ नका. 46 नगांचा जो डबा सगळीकडे दिसतो तो बहुतेक पाव इंची चौकोनाचा असतो, त्यात 4 ते 14 मिलिमीटरच्या बारीक गोट्या आणि एवढासा रॅचेट, म्हणजे गोटी न काढता मागेपुढे हलवून फिरवायचा दांडा. तो तुमच्या अर्धा इंची गनवर बसणारच नाही, आणि त्यातली एकही गोटी चाकाच्या नटावर चढणार नाही. मिस्टरांना चौकोनाचं माप बघायला सांगा, वाद तिथेच मिटेल. खरा काळा इम्पॅक्ट सेट घेतला तरी त्यातल्या अर्ध्याअधिक गोट्या डब्यात पडून राहतात. तुमच्या दुकानात रोज काय लागतं? मारुतीच्या बहुतेक गाड्यांना 19, होंडालाही 19, ह्युंदाई आणि टोयोटाला 21. त्याशिवाय 17 लागते, आणि कधीमधी 22 किंवा 24. अन्नपूर्णा रोडवर तुमच्याकडे नेमक्या कुठल्या गाड्या येतात हे तुमच्या वहीला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पुढचे पंधरा दिवस गाडीच्या नोंदीपुढे नटाचं माप लिहायला लावा. ज्या मापांपुढे जास्त खुणा पडतील तेवढ्याच सुट्या गोट्या घ्या, पण चांगल्या घ्या. 19 आणि 21 च्या दोन-दोन घेतल्या तरी चालेल, रोज घासल्या जाणाऱ्या त्याच. ट्रकचे 32-33 चे नट हे पाऊण आणि एक इंची गनचं काम, ते देवास नाक्यावाल्यांना करू द्या. अर्धा इंची गनला पाऊण इंची अडॅप्टर लावून मोठी गोटी चढवली की गनचा जोर वाढतो असा एक समज आहे. उलट होतं. जड गोटी हलवण्यातच ठोका खर्ची पडतो.

इंचाच्या मापांची एक भानगड लक्षात ठेवा, कारण जुन्या सेटमध्ये आणि सियागंजच्या ढिगात ती मिसळलेली सापडतात. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, ती 19 च्या नटावर चालून जाते. पण 7/8 म्हणजे 22.2, ती 22 वर बसते आणि घाईत कोणी 21 च्या नटावर चढवली तर डोलते. हाताने डोलती गोटी कशीबशी निभावते. गनच्या ठोक्याखाली ती नटाचे सहाही कोपरे काही सेकंदांत गोल करून टाकते, आणि मग छिन्नी-हातोडा आणि गिऱ्हाइकाचं तोंड.

पॉइंट सहाच हवेत. बारा पॉइंटची गोटी हाताने सोयीची, थोडं वळवलं की बसते. गन स्वतःच फिरून नट शोधते, तिला ती सोय नको असते. सहा पॉइंटची भिंत नटाच्या सपाट बाजूवर रेलते, बारा पॉइंटची कोपऱ्यांना टोचते. चाकाचे नट षट्कोनी, तेव्हा गोटीही षट्कोनी.

चाकासाठी लांब गोटी घ्या, जिला डीप म्हणतात. स्टडचं, म्हणजे ज्यावर नट बसतो त्या आट्यांच्या दांड्याचं, टोक नटाच्या बाहेर आलेलं असेल तर आखूड गोटी पूर्ण बसत नाही, नटाच्या वरच्या कडेवरच धरते आणि तिथूनच निसटते. अलॉय चाकांचा वेगळा त्रास आहे. त्यांची नटाची विहीर अरुंद आणि खोल असते, गनच्या गोटीची जाड भिंत आत जात नाही किंवा गेली तरी घासून चाकाला ओरखडे पाडते. त्यासाठी पातळ भिंतीच्या, वर प्लास्टिकची बाही असलेल्या इम्पॅक्ट गोट्या वेगळ्या मिळतात, बहुधा 17, 19, 21 अशा तीनच्या जोडीत. तुमच्याकडे नव्या गाड्या बऱ्याच येत असतील तर ही एक जोडी नक्की घ्या. गिऱ्हाईक नटापेक्षा ओरखड्यावरून जास्त भांडतं. बाही झिजून फाटली की बदलायची, आणि या पातळ गोट्या फक्त चाकाला. शॉकअॅब्सॉर्बरच्या गंजलेल्या बोल्टला लावाल तर त्याही जातील.

दुकानात गोटी हातात घेतल्यावर काय बघायचं? भिंतीची जाडी तर दिसतेच. मग चौकोनाच्या बाजूला बघा. गनच्या गोटीला तिथे आरपार भोक असतं आणि बऱ्याच वेळा त्या भोकावरून गोटीच्या भोवती एक खाच फिरलेली असते. पिन आणि रबरी रिंग बसवायची ती जागा. हाताच्या गोटीला बहुधा आतून फक्त खळगे असतात, रॅचेटच्या छऱ्यासाठी. अंगावर काय कोरलंय ते वाचा. बनवणाऱ्याचं नाव, माप, आणि चांगल्या मालावर डीआयएन 3129 असा आकडा. हा यंत्राच्या गोट्यांचा जर्मन मानक क्रमांक. हाताच्या गोट्यांचा 3124. दुकानदाराने काळी गोटी पुढे केली आणि तिच्यावर 3124 लिहिलेलं असेल तर नमस्कार करून निघा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 2725 मध्येही हात आणि यंत्र यांचे भाग वेगळे केलेले आहेत, पहिला हाताचा, दुसरा यंत्राचा. "माल एक ही है" असं असतं तर कोणी हा खटाटोप केला नसता.

नुसतं क्रोम-मॉलिब्डेनम लिहिलंय म्हणून मात्र भुलू नका, आणि क्रोम-व्हॅनेडियम लिहिलंय म्हणून लगेच नाकारूही नका. काही नामांकित कारखाने व्हॅनेडियमच्या पोलादातूनही गनच्या गोट्या बनवतात, पाणी वेगळं देऊन. मी पीथमपूरला टूल रूममध्ये होतो तेव्हा आमच्या असेंब्लीला लागणाऱ्या गोट्यांत दोन्ही असायच्या. बनवणारा स्वतःचं नाव घालून "इम्पॅक्ट" असं कोरतो की नाही, याला मी जास्त वजन देतो. निनावी काळ्या गोटीची शंका आली तर किल्लीच्या टोकाने तळाशी कोपऱ्यात ओरखडा काढा. खाली राखाडी पोलाद दिसलं तर ठीक, आरशासारखा क्रोम चमकला तर कोणीतरी हाताच्या गोटीला रंग फासलाय.

सियागंजला जाताना प्रत्येक मापाचा एकेक जुना नट पर्समध्ये टाकून न्या. तिथे गोटी नटावर बसवून हलवून बघा. किंचित खेळ असतोच, नसेल तर ती गंजलेल्या नटावर चढणार नाही. पण नट गोटीत घालून मनगट फिरवल्यावर तो आत सरळ खडखडत असेल तर दुसरी मागा. त्याच ढिगात त्याच मापाची दुसरी गोटी बऱ्याचदा जास्त नेमकी निघते. ऑनलाइनवर ही सोय नाही, म्हणून सुट्या गोट्यांसाठी मी सियागंजच सुचवीन, दुकानदार बदलून.

पिन आणि रिंगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण यात गॅरेजवाले फार हलगर्जीपणा करतात. तुमच्या गनच्या चौकोनावर एकतर स्प्रिंगची फ्रिक्शन रिंग असेल किंवा आडवं भोक असेल. फ्रिक्शन रिंग असेल तर गोटी दाबली की बसते, ओढली की निघते. चाकाच्या कामाला तेवढं पुरतं. ती रिंग झिजली की गोटी खाली तोंड केल्यावर आपोआप गळून पडते, तेव्हा रिंग बदला, स्वस्त असते. चौकोनाला भोक असेल तर पिन घालून वरून रबरी रिंग चढवायची. पिन हरवली म्हणून खिळा तोडून घालणं किंवा बाइंडिंग तारेने गुंडाळणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. खिळ्याचं टोक एक सूतभर बाहेर राहतं आणि फिरताना दिसत नाही. त्यात बाही किंवा हातमोज्याचं बोट अडकलं की गन थांबायच्या आत बोट मुरगळलेलं असतं. यापायी गनवर सैल सुती हातमोजे मी चालवून घेत नाही. घालायचे तर घट्ट बसणारे घाला, आणि फिरत्या गोटीला दुसऱ्या हाताने आधार देऊ नका. नवी मुलं नेमकं तेच करतात.

चष्मा मात्र सगळ्यांना. गन चालवणाऱ्याला, आणि शेजारी उकिडवा बसून स्टेपनी धरणाऱ्या मुलालाही, कारण त्याचा चेहरा नटाच्या पातळीवर असतो. मनगटात गेलेला तुकडा काढता येतो. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, पाण्याने खसाखसा धुवायचं नाही, आत रुतलेलं काही ओढून काढायचं नाही. वर एखादा कागदी कप झाकण म्हणून चिकटवून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे किंवा एम. वाय. हॉस्पिटलला न्यायचं.

एक्स्टेंशन (गन आणि गोटीमधला जोडदांडा) आणि युनिव्हर्सल जॉइंट (तिरका फिरणारा सांधा) यांनाही हेच सगळे नियम लागू. गनला काळंच एक्स्टेंशन लावा, क्रोमचं एक्स्टेंशन पिळवटून तुटतं. आणि जेवढं लांब लावाल तेवढा नटापर्यंत पोचणारा ठोका कमी, कारण लांब दांडा स्वतःच थोडा पिळतो आणि ठोका गिळतो. नट सुटत नाही म्हणून गनला शिव्या देणाऱ्यांपैकी बरेच जण खरं तर दहा इंची एक्स्टेंशन लावून बसलेले असतात. गोटी थेट चौकोनावर चढवा, गन चाकाला सरळ धरा, फरक लगेच कळेल. तरीही नट दहा-पंधरा सेकंदांत हलला नाही तर थांबा. गंजरोधक तेल मारा, वाट बघा, आधी किंचित घट्टच्या दिशेला एक-दोन ठोके द्या, मग सोडवायला लागा. परवाचा नट याने सुटला असता की नाही ते सांगता येत नाही, पण गोटी तुटण्याआधी गन दाबून धरून ठेवण्यात काही मिळत नव्हतं.

तुम्ही विचारलं नाही, पण गनने नट आवळण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बहुतेक छोट्या मोटारींच्या चाकाचा नट किती जोराने आवळायचा याचा आकडा 85 ते 120 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, नेमका गाडीच्या पुस्तिकेत बघायचा. 100 न्यूटन-मीटर म्हणजे 40 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण 25 किलोचा जोर. तुमच्या गनच्या डब्यावर 300, 500, काहींवर 1000 लिहिलेलं असतं. घोडा दाबून दोन सेकंद जास्त धरला की स्टड ताणला जातो, आटे जातात, आणि रात्री मानपूरच्या घाटात पंक्चर झालं की गिऱ्हाईक गाडीतल्या पान्यावर उभं राहून नाचलं तरी नट सुटत नाही. तेव्हा नट आधी हाताने तीन-चार आटे चढवा, गन सगळ्यांत कमी ताकदीवर ठेवून फक्त टेकवा, गाडी खाली घ्या, मग टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने आवळा. स्टडला तेल लावू नका. आटे बुळबुळीत झाले की त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. टॉर्क पाना नट सोडवायला कधी वापरायचा नाही आणि काम झालं की त्याचा काटा सगळ्यांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते. सेटचे वाचलेले पैसे या पान्यात घाला. आणि गिऱ्हाइकाला सांगा की 50 ते 100 किलोमीटर झाल्यावर येऊन नट एकदा बघून घे, फुकट. परत आलेलं गिऱ्हाईक हवा भरून जातं, कधी टायरही घेतं.

अप्पांच्या सेटचं काय करायचं? तो दुकानातून हलवू नका. ड्रेन प्लग, बॅटरीचे टर्मिनल, इंजिनाच्या अडचणीतले बोल्ट, जिथे जाड काळी गोटी शिरतच नाही, ती सगळी कामं त्याच सेटची. फक्त जागा वेगळी करा. गनच्या गोट्या गनजवळ खुंट्यांवर, अप्पांच्या गोट्या त्यांच्या डब्यात, आणि डब्याची किल्ली अप्पांकडे. मिस्टरांना घाईत हात घालता येणार नाही, आणि अप्पांना सांगायलाही बरं, की तुमच्या गोट्या जपायच्या म्हणून काळ्या आणल्या. हे खोटंही नाही. काळ्या गोट्या हाताने वापरायलाही हरकत नाही, फक्त त्या लवकर गंजतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवावं लागेल. ते काम त्या मुलाकडे द्या आणि तेव्हाच प्रत्येक गोटीच्या तोंडाकडे बघायला शिकवा: फाकलंय का, कडेला चीर आहे का.

आता ता. क. मधला अडॅप्टर. अर्धा इंची गनवर तीन सुती गोट्या लावायचा अडॅप्टर मिळतो, काळासुद्धा मिळतो, आणि तरी मी नको म्हणेन. गनचा सगळा मार त्या 9.5 मिलिमीटरच्या चौकोनावर येतो आणि पहिला तोच तुटतो. शिवाय तीन सुती गोट्या म्हणजे 10, 12, 14 चे बोल्ट, त्यांना अर्धा इंची गनचा जोर म्हणजे बोल्टाचं डोकं हातात. ते बोल्ट अप्पांच्या रॅचेटने काढा. पुढे काम वाढलं आणि तशी गरज पडली तर तीन सुती चौकोनाची छोटी गन वेगळी घ्या, बॅटरी तुमच्याच कंपनीची चालते का ते बघून.